प्राचीन इजिप्तमधला गणिताचा पपायरस (लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी) लिहिणारा आहमोस आणि हिक्सोसांना, म्हणजे उत्तर इजिप्तवरच्या परक्या राज्यकर्त्यांना, हाकलणारा राजा आहमोस एकच का?

नाही, दोघे वेगळे. नाव एकच आणि काळही लागूनच, म्हणून घोटाळा होतो. 'आहमोस' म्हणजे 'चंद्र जन्मला'. इ.स.पू. १५५०च्या आसपास हे नाव पुरुषांचंही असे आणि बायकांचंही. राजाची राणी आहमोस-नेफरतारी, आणि स्त्री-फारो हत्शेपसुतची आईसुद्धा आहमोसच.

गणिताच्या त्या पपायरसला ऱ्हाइंड पपायरस म्हणतात; त्याचा आहमोस हा लेखनिक. हिक्सोस राजा अपोफिसच्या ३३व्या वर्षी, आधीचा इजिप्शियन राजा अमेनेमहात तिसरा याच्या काळातल्या जुन्या लिखाणावरून ही प्रत केली, असं त्यानेच सुरुवातीला नोंदवलंय. त्यामुळे त्याला 'पहिला गणितज्ञ' म्हणू नये. तो नक्कल करणारा होता, पण फार जपून करणारा. ५०वं गणित पाहा: गोल शेताचा व्यास ९, त्यातून नववा भाग वजा, उरले ८, आठाचा वर्ग ६४, हेच क्षेत्रफळ. त्यातून पायची किंमत सुमारे ३.१६ येते!

त्याच पपायरसच्या मागच्या बाजूला नंतर केलेली एक त्रोटक नोंद आहे: कुणा राजाच्या ११व्या वर्षी हेलिओपोलिसमध्ये सैन्य शिरलं, आणि मग 'दक्षिणेचा' राजपुत्र त्जारू या सरहद्दीवरच्या किल्ल्यात घुसला. हा दक्षिणेचा म्हणजे राजा आहमोस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेखनिक आहमोस ज्या राजवटीत लिहीत होता, तीच हा राजा आहमोस संपवत होता.

कुठल्याही प्राचीन इजिप्शियन लेखात हे नाव दिसलं की आधी कार्तुश, म्हणजे नावाभोवतीची लंबगोल चौकट, आहे का ते बघा. असेल तर राजघराणं; मग सिंहासननाम, म्हणजे राज्यावर बसताना घेतलेलं नाव, शोधा. नेबपेहतिरे असेल तर हा हिक्सोसांना हरवणारा. ख्नेमिब्रे असेल तर जवळजवळ हजार वर्षांनंतरचा आहमोस दुसरा (इ.स.पू. ५७०–५२६), ज्याला ग्रीक 'अमासिस' म्हणत. इंग्रजी पुस्तकांत आहमेस, अमोसिस, अमासिस अशी रूपं सरमिसळ येतात, तिथे नावावर विसंबू नका.

कार्तुश नसेल तर आईबापांचं नाव किंवा पदवी पाहा. दक्षिण इजिप्तमधल्या एल-काबला दोन सैनिक आहमोसांची थडगी आहेत: एक एबानाचा मुलगा (एबाना ही त्याची आई), दुसरा पेन-नेखबेत. पहिला जहाजावरचा योद्धा. त्याने हिक्सोसांची राजधानी अवारिसची लढाई आणि दक्षिण पॅलेस्टाइनमधल्या शारुहेनचा ३ वर्षांचा वेढा भिंतीवर कोरून ठेवलाय. राजाच्या मोहिमा आपल्याला कळतात त्या मुख्यतः त्याच्याच थडग्यातून.