अडुळसाचा, अडुळश्याचा की अडुळशाचा?

तासगावच्या एका वाचकांनी विचारलं आहे : 'रोपवाटिकेच्या पाटीवर "अडुळसाची रोपे" असं होतं, काढ्याच्या पुडीवर "अडुळश्याचा काढा", आणि आमची आजी म्हणते "आडुळशाचा रस". यातलं बरोबर कोणतं?'

आजीचं. लिहिताना पहिला 'आ' तेवढा 'अ' करा : अडुळशाचा.

आकारान्त पुल्लिंगी नामाला प्रत्यय लागताना मध्ये 'या' येतो. चाफा–चाफ्याचा, मोगरा–मोगऱ्याचा, सातारा–साताऱ्याचा. 'साताराला निघालोय' हे कानाला खटकतं, तसंच 'अडुळसाची' खटकायला हवं. राजा, काका, दादा बदलत नाहीत, पण अडुळसा त्या पंगतीतला नव्हे. आता 'श्या' का नको? शेवटी 'सा' असला की 'या' त्या 'स'मध्ये मुरतो आणि 'शा' उरतो : ससा–सशाचा, घसा–घशाला, कोळसा–कोळशाचा. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही इथे 'श्या' लिहू नये असं स्पष्ट आहे. अनेकवचन अडुळसे, मग 'अडुळशांची पानं', अनुस्वारासह.

मला वाटतं, हा शब्द हल्ली बाटलीवरच वाचला जातो, म्हणून तो परक्या नावासारखा न बदलता वापरतात. ज्यांच्या बांधावर हे झुडूप आहे त्यांची जीभ चुकत नाही. वितीएवढी लांबट पानं, आणि हिवाळ्यात जबडा उघडल्यासारखी दोन ओठांची पांढरी फुलं, खालच्या ओठावर जांभळट रेघा. त्यावरूनच संस्कृतात याला 'सिंहास्य', म्हणजे सिंहाचं तोंड, म्हणतात. आपला 'अडुळसा' आणि हिंदीतला 'अडूसा' मात्र 'आटरूष' या दुसऱ्या संस्कृत नावाच्या घरातले.

पानं इतकी कडू की शेळीही तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला उत्तम. जत भागातली कन्नड बोलणारी मंडळी याला 'आडुसोगे' म्हणतात. कन्नड आणि तमिळ दोन्हींत 'आडु' म्हणजे शेळी. तमिळ 'आडातोडै'चा अर्थ 'शेळी न शिवणारी' असा लावतात, आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये 'जस्टिसिया आधाटोडा' हे शास्त्रीय नाव दिलं ते त्याच तमिळ शब्दावरून. खोकल्यावरच्या गोळ्यांतलं ब्रोमहेक्झिन हे रसायनही अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरून बेतलेलं आहे. गरोदर बाईला मात्र याचा रस किंवा काढा देऊ नये, गर्भाशयावर परिणाम होतो.

लावायचा असेल तर रोप विकत घ्यायलाच हवं असं नाही. बोटाएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या जून फांद्या पावसाच्या तोंडावर तिरप्या खोचा. पाणी साचणारी काळी जमीन असेल तर बांधाच्या उंचवट्यावर लावा, नाहीतर मुळं कुजतात.