बाबांना ते मशीन का नाही लावलं?

प्रश्न: डॉक्टर, चार महिन्यांपूर्वी माझे बाबा गेले, वय ७४, डायलिसिसवर होते, हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असतानाच. पहाटे नर्स राउंडला आल्या तेव्हा श्वास बंद होता, कधीपासून ते कुणालाच सांगता येईना. पाऊण तास सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबत राहिले, उपयोग झाला नाही. त्याच आठवड्यात आयसीयूतल्या एका तरुण पेशंटचं हार्ट बंद पडलं तर त्याला एक्मो लावलं आणि तो वाचला असं कळलं. आम्हाला कुणी विचारलंही नाही. आम्हीच कुठे कमी पडलो का हे मनातून जात नाही. आणि छाती दाबणारं मशीन असतं ते म्हणजेच एक्मो का?

उत्तर: ताई, शेवटचं आधी सांगतो. छाती दाबणारं मशीन वेगळं, ते फक्त माणसाच्या हातांचं काम करतं, म्हणजे दमत नाही आणि पेशंटला कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, नेताना सोयीचं पडतं एवढंच. २०१४ साली अडीच हजारांहून जास्त पेशंटचा मोठा अभ्यास आला त्यात हाताने दाबलं काय नि मशीनने दाबलं काय, वाचणारे जवळपास सारखेच निघाले.

एक्मोचं तसं नाही. जांघेतल्या मोठ्या शिरेत एक जाड नळी घालून रक्त बाहेर काढतात, पंपातून ऑक्सिजनेटरमध्ये, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या यंत्रात, नेतात आणि धमनीतून परत आत सोडतात, मिनिटाला तीन-चार लिटर, म्हणजे हार्ट पूर्ण थांबलेलं असलं तरी मेंदूला रक्त मिळतं. चांगला सीपीआरसुद्धा नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या पाव ते एक तृतीयांशच देतो, म्हणून याचं एवढं महत्त्व. पण एक्मो काहीच बरं करत नाही हो, ते फक्त वेळ मिळवून देतं, आणि त्या वेळात दुरुस्त करता येईल असं कारण हवं, उदाहरणार्थ बंद पडलेली हार्टची नळी, जी अँजिओप्लास्टीने उघडता येते.

म्हणूनच टीम आधी बघते की पेशंट कोसळताना कुणी पाहिलं का, सीपीआर लगेच सुरू झाला का, मॉनिटरवर हार्टची लय विजेचा शॉक देऊन सुधारण्यासारखी होती का, आणि साधारण तासाभरात पंप चालू होईल का. बाबांच्या बाबतीत पहिल्याच प्रश्नाचं उत्तर नाही असं येतं. रक्ताविना किती मिनिटं गेली ते माहीत नसेल तर पंपाने हार्टपर्यंत रक्त पोचवता येईल, पण मेंदूचं झालेलं नुकसान भरून निघत नाही. त्यात वय आणि किडनीचा जुना आजार. फाईल न बघता मी निकाल देणार नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून बहुतेक टीमनी नाहीच म्हटलं असतं आणि त्यात तुमची चूक शोधून सापडणार नाही.

निवडलेल्या पेशंटमध्येही खात्री नसते. २०२० साली अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या छोट्या अभ्यासात एक्मोवाले १४ पैकी ६ जण घरी गेले, एक्मो न लावलेल्या गटात १५ पैकी १, सगळे खूश झाले, मग २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या अनेक हॉस्पिटलांचा अभ्यास आला त्यात एका महिन्याने मेंदू शाबूत असलेले एक्मोवाले २० टक्के आणि एक्मोशिवाय १६ टक्के, म्हणजे ठाम म्हणावा असा फरक नाही. माझं मत असं की सराव असलेली टीम आणि अचूक निवड, यावरच सगळं अवलंबून आहे. शिवाय रक्त पातळ करायला हेपारिन देतात त्यामुळे रक्तस्राव होतो, नळी घातलेल्या पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि पंप उलट्या दिशेने रक्त ढकलतो म्हणून दुबळ्या हार्टवर ताण येतो, मग ते रिकामं ठेवायला आणखी एखादं उपकरण लागतं.

राहिलं कुणी विचारलं नाही ते. सीपीआर चालू असताना विचारायला मिनिटंच नसतात, पण नंतर कुणीतरी तुमच्यासोबत बसून सांगायला हवं होतं, ते राहून गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. अजूनही त्या डॉक्टरांना वेळ मागून भेटा, पहिल्यांदा मॉनिटर लावला तेव्हा कुठली लय होती आणि त्याआधी बाबांना शेवटचं जागं कुणी, कधी पाहिलं होतं, एवढे दोनच प्रश्न विचारा.