जहाज मधोमध कापून लांब करतात?

प्रश्न : माझा मुलगा क्रूझवर कामाला आहे. तो म्हणतो, जुनं जहाज मधोमध कापून लांब करतात. हे खरं का? जोड कच्चा राहत नाही? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मुलगा खरं सांगतोय, ताई. २००५ साली 'एन्चान्टमेंट ऑफ द सीज' हे क्रूझ जहाज नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या सुक्या गोदीत (पाणी उपसून जहाज कोरडं ठेवतात तिथे) असंच कापलं. फिनलंडमध्ये बांधलेला सुमारे २२ मीटरचा तुकडा समुद्रमार्गे आणून मधे बसवला. १५१ केबिन वाढल्या.

मधेच कापतात, कारण तिथे जहाजाचा आकार बराच लांबपर्यंत एकसारखा असतो. मात्र लाटांवर जहाज वाकतं तेव्हा सर्वाधिक ताणही तिथेच येतो. म्हणून नुसता तुकडा घालून भागत नाही, जादा पोलादाने मजबुतीही द्यावी लागते.

मी तीस वर्षं मुंबईच्या गोदीत वेल्डिंग तपासलं. ऊन चढलं की जहाजाची पोलादी प्लेट फुगते, मापं चुकतात. म्हणून आम्ही ती पहाटेच घ्यायचो. प्लेटची कड तिरकी घासून चकचकीत करायची, मग थरावर थर वेल्डिंग, शेवटी अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी जोडाच्या आतली तपासणी. दाण्याएवढी पोकळी दिसली तरी तेवढा जोड खरवडून पुन्हा भरायला लावायचो. असा भरलेला जोड मूळ प्लेटइतकाच पक्का असतो. मुलाला निर्धास्त जाऊ द्या.