वकीलबाईंना विचारा : अपघाताच्या दाव्यांवर पोट भरेल का?

प्रश्न : मी कोल्हापुरात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकन मालिकांत अपघाताचे वकील ज्युरीला रडवतात आणि भरपाईचा तिसरा हिस्सा घेतात. आपल्याकडे यात करिअर होतं का? आमचे आबा म्हणतात, 'क्लेमची कामं म्हणजे वकिली नव्हे.' शिवाय, सुरुवात विमा कंपनीच्या वकिलांकडे करू की दावेदारांच्या?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : पोट भरतं गं, पण इथं रडवायला ज्युरी नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढं बोलतात ते कागद : फिर्याद, पंचनामा, लायसन्स, पॉलिसी, डिस्चार्ज कार्ड. तिसरा हिस्साही विसर. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. टक्क्यांत बोलणारे भेटतीलच. सनदेची काळजी त्यांना नसली तरी तुला असू दे.

आता आबांसाठी एक हिशेब. समज, हुपरीचा ३२ वर्षांचा चांदी कारागीर. रात्री रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीला, मागं रिफ्लेक्टर नाही, त्याची दुचाकी धडकली. उजव्या हाताची बोटं ताठ झाली. दाखल्यावर अपंगत्व १५ टक्के. कमाई महिना १८,००० धरली, सर्वोच्च न्यायालयाच्या 'प्रणय सेठी' निकालाप्रमाणे (२०१७) पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवले, 'सरला वर्मा'तला (२००९) त्याच्या वयाचा गुणक १६ (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा) लावला, की १५ टक्क्यांनी कमाईच्या नुकसानीपोटी येतात ७,२५,७६० रुपये. पण त्या बोटांनी पैंजणाला डाख कसा लावणार? 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' (२०११) सांगतं की शरीराचं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं वेगळं. डावा हात गेला तरी कारकुनाची नोकरी टिकू शकते, ड्रायव्हरची रोजीरोटी जाते. न्यायाधीशांनी कारागिराचं कमाईचं नुकसान ५० टक्के मानलं, तर आकडा होतो २४,१९,२००. हा जवळजवळ सतरा लाखांचा फरक वकिलीनंच पडतो.

तो पाडायचा कसा? अशाच एका दाव्यात मी कारागिराला पिंजऱ्यात चिमटा धरायला लावला. समोरचे वकील हरकत घ्यायला उठेपर्यंत चिमटा खाली पडलासुद्धा. मग डॉक्टरांच्या सरतपासणीत बोटं किती अंशांत वळतात यापेक्षा चिमट्यावरच प्रश्न विचारले. खरी दमछाक कमाई सिद्ध करताना होते. पगारपत्रक नसतं, मजुरी देणाऱ्या व्यापाऱ्याची वही लागते. एरवी 'आमचाच पोरगा' म्हणणारा व्यापारी वही कोर्टात आणायची म्हटली की गावाला जातो.

आणि पक्षकार आला की आधी अपघाताची तारीख विचार. एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, आणि जखमी माणसाचे त्यातले कित्येक महिने खाटेवरच जातात. अपिलाला आम्ही मुंबई गाठायचो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरातच आहे, तेव्हा स्वतःचं अपील स्वतः चालवायला शीक.

सुरुवात विमा कंपनीच्या पॅनेलवरल्या वकिलांकडे कर. हातात फार पडणार नाही, पण मुदत संपलेलं लायसन्स, ऐनवेळी बदललेला ड्रायव्हर, उशिरा दिलेली फिर्याद ही दाव्यातली भोकं तिथंच दिसतात. दोनेक वर्षांनी दावेदारांकडे ये. फक्त विमा कंपनीकडून हाताळलेल्या फायलींतला एकही दावा दावेदाराच्या बाजूनं घेऊ नकोस. पक्षकार नात्यातला असला तरी वकालतनामा दुसऱ्याकडे पाठव.