डोंगरावर घाण करणारे पण आपण, मग जपणारं कोण?

प्रश्न : चार वर्षं ट्रेकिंग करतेय, आता माउंटेनियरिंगचा बेसिक कोर्स करायचं मनात आहे. पण परवा भावाशी वाद झाला. तो म्हणाला, एव्हरेस्टवरचा कचरा बघितलास का, तुम्ही लोकच जाऊन घाण करता आणि मग साफसफाईचे फोटो टाकता. मला उत्तरच देता आलं नाही. गिर्यारोहक खरंच काही जपतात का?

उत्तर : तुमच्या भावाचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, ते आधी मान्य करून टाकू. रिकामे सिलिंडर, फाटके तंबू, तुटके दोर हे काही वाऱ्याने उडून वर गेलेलं नाही, माणसांनीच नेलं आणि तिथेच टाकलं. पण उरलेलं अर्धं असं आहे की हे पहिल्यांदा ज्यांना खुपलं तेही चढणारेच होते, तेवढ्या उंचीवर काय पडलंय ते बघायला दुसरं जाणार तरी कोण?

मला यात सगळ्यात जवळचं वाटतं ते पिटनचं उदाहरण. पिटन म्हणजे खडकाच्या फटीत हातोड्याने ठोकायची लोखंडी मेख. इव्हॉन शुनार आणि टॉम फ्रॉस्ट हे दोघे अमेरिकेत पिटन बनवून विकायचे, धंद्याचा मोठा भाग त्याच्यावरच चालायचा. पण ठोका, काढा, परत ठोका असं करून करून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या उभ्या कड्यांवरच्या फटी रुंद व्हायला लागल्या, कडा तुटायला लागल्या, ते त्यांनी स्वतः चढताना बघितलं आणि १९७२ च्या आपल्याच कॅटलॉगमध्ये गिऱ्हाइकांना सांगितलं की हे सोडा, हाताने फटीत अडकवायचे आणि हातानेच काढायचे धातूचे छोटे तुकडे, म्हणजे नट, वापरा. म्हणजे ज्याच्यावर पोट चालतं तोच माल घेऊ नका असं सांगायचं! आणि क्लायंबर लोकांनी ते ऐकलं, थोड्याच वर्षांत जिथे नट बसतो तिथे हातोडा काढणं कमीपणाचं वाटायला लागलं. कायदा नाही, दंड नाही. मला विचाराल तर जपणं म्हणतात ते हे, आणखी नुकसान व्हायच्या आधी स्वतःची सवय बदलणं.

साफसफाईच्या मोहिमा फालतू आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये. १९९० मध्ये माउंटन वाइल्डरनेस या गिर्यारोहकांच्याच संघटनेची टीम के-टूवर, म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर, गेली ती जुने दोर आणि कचरा काढायला. १९९१ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्या शेर्पा लोकांनी सागरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती उभी केली, ती आजपर्यंत एव्हरेस्टच्या बेस कॅम्पच्या कचऱ्याचं बघते. त्यात २०१४ मध्ये नेपाळने नियम आणला की प्रत्येक चढणाऱ्याने ८ किलो कचरा खाली आणायचा, नाहीतर टीमचं ४००० डॉलरचं डिपॉझिट गेलं. ऐकायला मस्त वाटतं, पण ८ किलो खालच्या कॅम्पवरच गोळा करून भरता यायचे आणि खरा अडकलेला कचरा असतो साउथ कोलला, म्हणजे शिखराखालच्या शेवटच्या कॅम्पच्या खिंडीत, ७९०० मीटरच्या आसपास, जिथे माणसाला स्वतःचं शरीर खाली आणायची मारामार असते. आणि तो शेवटी आणतं कोण, तर बहुतेक वेळा एखादा शेर्पा, पाठीवर, जीव धोक्यात घालून. म्हणून कोर्सला गेलात की सामान भरतानाच वस्तूंवरचं पॅकिंग काढून घरीच ठेवून द्या, जे वर गेलंच नाही ते कुणाला आणावं लागत नाही. आणि भावाला पिटनची गोष्ट नक्की सांगा.

प्रश्न : विचारायला ऑकवर्ड वाटतंय, पण बर्फावर कॅम्प असेल तर टॉयलेटचं काय करायचं? खड्डा करून वर बर्फ लोटला तर चालत असेल ना, थंडीत सगळं गोठूनच जातं की.

उत्तर : ऑकवर्ड वाटून घेऊ नका हो, हा प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत आणि तिथेच घोळ होतो. गोठतं हे खरं, पण गोठलं म्हणजे संपलं असं नाही. कुजायला माती लागते, ऊब लागते, तिथे दोन्ही नाही, त्यामुळे तुम्ही पुरलेलं जसंच्या तसं राहतं आणि ग्लेशियर तर सतत खाली सरकत असतो, म्हणजे आज पुरलेलं कित्येक वर्षांनी खाली कुठेतरी उघडं पडणारच. अलास्कात देनाली शिखरावर वर्षानुवर्षं लोक बर्फाच्या भेगेत टाकून मोकळे व्हायचे, मग तिथल्याच काहिल्टना ग्लेशियरच्या पाण्यात विष्ठेतले जिवाणू सापडले. तिथला रेंजर रॉजर रॉबिन्सन, जो स्वतः क्लायंबर, त्याने घट्ट झाकणाचा एक हलका डबा आणला, पाठीवर घेऊन जायचा आणि भरून खाली आणायचा. २०१८ पासून तर १४,००० फुटांच्या कॅम्पच्या खालचं सगळंच परत आणावं लागतं. एव्हरेस्टलाही २०२४ पासून पिशव्या सक्तीच्या झाल्यात, आत पावडर असते तिने ओलं घट्ट होतं आणि वासही कमी येतो. आणि हो, कॅम्पवर प्यायचं पाणी आजूबाजूचाच बर्फ वितळवून करतात, तेवढं डोक्यात ठेवलं की पिशवी जड वाटत नाही. पहिल्या दिवशी कसंतरी होतं, तिसऱ्या दिवशी सवय होते.

प्रश्न : पायवाट चिखलाची असेल तर बाजूच्या गवतावरून चाललं तर एवढं काय बिघडतं?

उत्तर : झाडं संपतात त्याच्या वर बरंच बिघडतं. युरोप-अमेरिकेतल्या डोंगरांत तिथे मॉस कॅम्पियन नावाची उशीसारखी जमिनीला चिकटून वाढणारी वनस्पती असते, तिला पहिलं फूल यायलाच दहाएक वर्षं लागू शकतात, आणि एका बुटाने ती उखडू शकते, मग मोकळी झालेली माती पावसात वाहून जाते. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत ट्रेकर मंडळी पायथ्याहून एकेक दगड पाठीवर घेऊन वर जातात, शिखरावर देखरेखीला असलेले लोक ते पायवाटेच्या कडेला लावतात, म्हणजे माणसं आपोआप खडकावरूनच चालतात. ब्रिटनमधले क्लायंबर हिवाळ्यात माती पक्की गोठली नसेल तर ती उखडू नये म्हणून बर्फकुऱ्हाड घेऊन चढायचं टाळतात, आणि नॉर्थ वेल्समध्ये त्यासाठी मातीत तापमान मोजायचे सेन्सर बसवलेत, घरी बसून बघायचं आणि ठरवायचं. तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे, चिखलातून सरळ चालत जा, बूट संध्याकाळी धुता येतात.