धास्ती ताजी आहे तोवरच

बाबांचा रिपोर्ट आला त्या रात्री तू सिगारेटचं पाकीट चुरगाळून टाकलंस, फार बरं केलंस. भावाच्या आजारपणात मीही तेच केलं होतं. पण धास्तीचा जोर हळूहळू ओसरतो आणि मग तीच काळजी सिगारेट मागायला लागते. माझा हात पुन्हा खिशात गेला तो दवाखान्याच्या जिन्यातच! म्हणून आत्ताच डॉक्टरांना विचारून तल्लफ कमी करणारे निकोटिनचे पॅच (कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या) किंवा च्युइंगगम सुरू कर. पहिले ३-४ दिवस सर्वांत जड जातात. तल्लफ मात्र काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ बाबांचे पाय चेपत बस. चुकून एखादी ओढलीसच, तर त्याच दिवशी परत थांब. आणि त्यांच्या गळ्याची शपथ अजिबात घेऊ नकोस. माझी मोडली, तेव्हा त्या अपराधीपणापायीच मी आणखी ओढल्या.