होलांब्रात फुलशेतीसाठी येऊ इच्छिणाऱ्यांना

सप्रेम नमस्कार. मावळात आपले गुलाब आणि जरबेराचे पॉलिहाउस आहे आणि ब्राझीलमधील होलांब्रा येथे जमीन घेऊन तोच व्यवसाय करता येईल का, असे आपण विचारले आहे. मी शेजारच्या काम्पिनास शहरात राहतो आणि कामानिमित्त होलांब्रात माझे जाणेयेणे असते. नोकरीसाठी अवश्य यावे, जमिनीचा विचार मात्र तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे.

सुमारे १५ हजार वस्तीचे हे गाव सहकारातून उभे राहिले आहे. महायुद्धाने होरपळलेल्या नेदरलँड्समधून कॅथलिक शेतकरी कुटुंबे १९४८ मध्ये येथे आली, ती दुधाचा धंदा करण्यासाठी. परंतु सोबत आणलेल्या गाईंपैकी अनेक उष्ण प्रदेशातील रोगांनी दगावल्या, आणि इतर शेती करत करत १९५० च्या दशकाच्या अखेरीस काही जण ग्लॅडिओलसकडे वळले. आज गावाचे अर्थकारण फुले आणि कुंड्यांतील रोपे यांवर चालते.

विक्रीचे केंद्र म्हणजे १९८९ मध्ये सुरू झालेली 'व्हेलिंग' ही फुलांची सहकारी लिलावपेठ. येथील लिलावात बोली वाढत नाही. घड्याळावरचा भाव वरून खाली उतरतो आणि जो खरेदीदार आधी बटण दाबतो त्याला माल मिळतो. त्यामुळे प्रतवारीला फार महत्त्व आहे. या व्यवस्थेत माल देण्यासाठी सहकारी संस्थेशी जोडलेले असावे लागते, आणि नवख्या परदेशी माणसाची खरी अडचण येथेच आहे. शिवाय १९७१ च्या कायद्याने परदेशी व्यक्तींच्या शेतजमीन खरेदीवर क्षेत्राच्या मर्यादा घातल्या आहेत.

बाजारही आपल्या ओळखीचा नाही. मावळातील गुलाबाचे गणित १४ फेब्रुवारीच्या निर्यातीवर बसवलेले असते. ब्राझीलची फुले मुख्यतः देशातच खपतात, प्रेमिकांचा दिवस १२ जूनला असतो, मे महिन्यातील मातृदिनाला मागणी उसळते आणि २ नोव्हेंबरच्या पितृस्मरणाला शेवंती लागते.

खतपाणी, कीडनियंत्रण आणि काढणीनंतरची हाताळणी यांतील आपला अनुभव हरितगृहाच्या मालकाला उपयोगी पडेल. मात्र मजुरांशी सर्व व्यवहार पोर्तुगीजमध्येच होतो, म्हणून ती भाषा निघण्यापूर्वीच शिकावी. गाव पाहण्यासाठी सप्टेंबरमधील 'एक्स्पोफ्लोरा' प्रदर्शनाची वेळ निवडू नका. जानेवारीच्या पावसाळ्यात या, म्हणजे बुरशीचा उपद्रव आणि कामाचा रोजचा क्रम दोन्ही पाहता येतील.